गुळाच्या पाण्यातलं लोखंड

गंजकं भंगार लोखंड, गूळ, पाणी आणि एक मडकं. झाकून दोन-तीन आठवडे ठेवायचं. ही कृती मी वाचली ती कलमकारीसंबंधी. आंध्रातल्या श्रीकाळहस्तीचे कारागीर चित्राच्या काळ्या रेघा बांबूच्या कलमाने काढतात, त्यासाठीचं पाणी असं आंबवून होतं, तेही बहुधा ताडगुळाचं. कच्छमधले अजरखवाले काळ्या रंगासाठी गूळ आणि भंगाराचीच कुंडी लावतात. मला मात्र ते वाचून जुन्या पटाश्या आठवल्या. कारण जुनी हत्यारं जमवणारी मंडळी, विशेषतः ऑस्ट्रेलियातली, गंज काढायला नेमकं हेच करतात: एक भाग मळी, नऊ भाग पाणी, आणि त्यात रंध्याचं पातं बुडवून आठवडा-दोन आठवडे तिकडे फिरकायचं नाही.

रंगारी पाणी ठेवतो, हत्यारवाला लोखंड ठेवतो. कुंडी एकच. माझं म्हणणं असं की गंज काढायची ही गोड रीत मुळात रंगाऱ्यांचीच आहे, हत्यारवाल्यांच्या हाती ती फार उशिरा लागली.

आत काय चालतं ते आधी पाहू. गूळ आंबला की त्यात व्हिनेगरमधलं आणि दह्यातलं अशी सौम्य आम्लं तयार होतात. गंजातलं लोह ती सोडवून पाण्यात उतरवतात. मळीत शिवाय अशी द्रव्यं असतात, जी सुट्या झालेल्या लोहाला धरून ठेवतात. चांगल्या पोलादाला हे पाणी फारसं झोंबत नाही, पण बिडाचं हत्यार महिनोन्‌महिने विसरलात तर ते खातं. जस्त आणि ॲल्युमिनियम तर त्यात घालूच नये. पातं बाहेर काढलं की अंगावर काळा, बुळबुळीत थर असतो आणि वास असा की घरातले लोक अंगणाचा रस्ता दाखवतात. नळाखाली ब्रशने घासलं की खालून करडं, मळकट चंदेरी लोखंड वर येतं. नशीब असेल तर कारखान्याचा ठसाही दिसतो. लगेच पुसून तेल लावायचं, नाहीतर तासाभरात तांबूस झाक परत हजर.

आता रंगाऱ्याची बाजू. त्याच्या मडक्यातलं पाणी नुसतं कापडावर लावलं तर मळकट पिवळट डाग पडतो, काळा नव्हे. काळं होतं ते हिरड्यामुळे. कापड आधी हिरडा आणि दूध यांच्या पाण्यातून काढलेलं असतं. त्यावर कलम टेकलं की हिरड्यातलं टॅनिन आणि पाण्यातलं लोह एकत्र येऊन रेघ काळी होते. लोखंडी विळीवर आवळा चिरताना पातं आणि फोडी दोन्ही काळवंडतात, तोच हा प्रकार. जपानी बायका दात काळे करायच्या तो ओहागुरोही असाच: आंबट पाण्यात मुरवलेलं लोखंड आणि वरून टॅनिनची पूड. १८७० साली तिथल्या सरकारने उमरावांपुरती ही चाल बंद केली आणि १८७३ साली खुद्द सम्राज्ञी पांढऱ्या दातांनी लोकांसमोर आली.

युरोपात हे ज्ञान गेलं त्याची वाट ठाऊक आहे. कर्दू नावाच्या जेझुइट पाद्र्याने १७४२ साली दक्षिणेतल्या चिंटाच्या कापडाची कृती पत्राने फ्रान्सला कळवली. तिकडच्या कापड छापणाऱ्यांनीही लोखंडाचं पाणी वापरलं, पण गुळाऐवजी व्हिनेगर, आंबलेली बिअर, पुढे लाकडापासून काढलेलं आम्ल. गूळ तिथे गळाला, आणि माझी खरी पंचाईत इथेच होते.

कारण विरोधी पक्ष म्हणेल, मळीची रीत उसाच्या मुलखातल्या कुणा शेतकऱ्याला आपोआप सापडली असेल. गुरांच्या खाद्यासाठी आणलेल्या मळीच्या पिंपात नांगराचा बोल्ट पडला, स्वच्छ निघाला, झालं. ही शक्यता मी नाकारत नाही. पण बोल्ट आठवडाभर पडून राहिला आणि पिंपात पाणीही पुरेसं मिसळलेलं होतं, हे दोन योगायोग मानावे लागतात. दाट मळीत काम होत नाही, पातळ करावी लागते. रंगाऱ्याकडे मुरवण्याचा काळही ठरलेला होता आणि पाण्याचं मानही.

दुसरा पक्ष संग्रहालयांचा. बर्लिनच्या राजेशाही संग्रहालयांनी १८८८ साली रसायनशाळा काढली, फ्रीडरिश राटगेन तिचा प्रमुख झाला, आणि जुन्या धातूंवरचा काट विजेने उतरवण्याची विद्या त्याच्या १८९८ च्या पुस्तकातून पसरली. सोड्याचं पाणी आणि बॅटरी चार्जर घेऊन बसणारे आजचे हौशी त्याचेच वारस. (त्या पुस्तकाच्या १९०५ च्या इंग्रजी अनुवादकांपैकी एक जॉर्ज ऑडन, म्हणजे कवी डब्ल्यू. एच. ऑडनचे वडील. गंजाच्या वाटेवर कोण भेटेल सांगता येत नाही.) पण ही विजेची शाखा वेगळी. तिने गुळाचं काही सांगितलेलं नाही.

मग गूळ ऑस्ट्रेलियापर्यंत गेला कसा? माझा अंदाज मॉरिशसकडे बोट दाखवतो. १८३४ नंतर उसाच्या मळ्यांत राबायला गिरमिटिये गेले. रत्नागिरीकडची मराठी माणसं गेली, तशी तेलुगू माणसंही गेली, आणि तीही कोरिंगा बंदरावरून, म्हणजे कलमकारीच्याच किनाऱ्यावरून. तिथे गूळ शोधायला नको, मळीचे हौद भरलेले. गावाकडे मडक्यात लोखंड मुरताना पाहिलेल्या माणसाने कोयता त्यात बुडवला नसेल, हे मला पटत नाही. पुढे एका ऊस-मुलखातून दुसऱ्यात जायला अशा युक्तीला जहाजावरचा एखादा फिटर पुरतो.

आपल्याकडे, कारखान्याकारखान्याला मळीचे हौद असताना, ही रीत का रुजली नाही याचं उत्तर सोपं आहे. मळीची दारू होते, म्हणून तिच्यावर उत्पादन शुल्क खात्याची नजर. कुणी बादलीभर मळी घरी नेत नाही. आपण घासलेट, विटेची भुकटी, चिंच यांवर भागवलं. काकवी मात्र कुणी अडवत नाही, फक्त ती गंजावर खर्चायला मन धजावत नाही.

हत्यारवाल्यांची दुसरी बाटलीही याच घराण्यातली. गंज काढून न टाकता जागच्या जागी काळा करणारं जे द्रव दुकानात मिळतं, त्यात बरेचदा टॅनिक आम्ल असतं. जुनं लोखंड जपणारे संग्रहालयवालेही ते वापरतात. म्हणजे रंगाऱ्याचं पहिलं मडकं मळीच्या पिंपात गेलं आणि दुसरं, हिरड्याचं, या बाटलीत. जुन्नर-आंबेगावचे आदिवासी बाळहिरडा गोळा करून विकतात. त्याचा दाट काढा गंजक्या खुरप्यावर लावून पाहावा. तांबडा थर निळसर काळा पडतो. कापडावर मात्र हाच काळा रंग घातक: जुन्या चिंटांत लाल फुलं शाबूत आणि त्यांच्या कडेच्या काळ्या रेघांचे धागे झडून गेलेले, असे नमुने संग्रहालयांत आहेत. त्या रेघेत उतरलेलं लोह सुताला शतकभर खात राहतं.