कुलपाची निर्यात

गुरांच्या बाजारात बैलाचा सौदा कसा ठरतो, हे कोल्हापूरकडच्या शेतकऱ्याला सांगावयास नको. दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली एकमेकांची बोटे धरतात आणि आकडा त्या दोघांपलीकडे कोणालाच कळत नाही. (हा पडदा पुष्कळदा मालकाच्याच मुळावर येई, ती गोष्ट वेगळी.) दोघांचे बोलणे तिसऱ्याला कळू नये, ही गरज फार जुनी आहे. आज तेच उपरणे संगणक धरतो. आपण मोबाईलवर उसाचे बिल जमा झाले का ते पाहता, तेव्हा अक्षरे आणि आकडे मोडतोड होऊन वाटेला लागतात आणि पलीकडे पुन्हा जुळतात. जुळवणाऱ्या किल्लीची लांबी ‘बिट’मध्ये मोजतात. एक बिट वाढला की चोराला तपासाव्या लागणाऱ्या किल्ल्या दुप्पट होतात.

आता मौज पाहा. अमेरिकेने हे गणित दारूगोळ्याच्या यादीत घातले होते! तोफेला जसा निर्यातीचा परवाना लागे, तसाच या कुलपालाही. 1991 साली फिलिप झिमरमन या गृहस्थाने पत्रे कुलूपबंद करणारे ‘पीजीपी’ नावाचे सॉफ्टवेअर लोकांना फुकट दिले. ते परदेशी पोहोचले आणि त्याच्यामागे सरकारी चौकशी लागली, ती जानेवारी 1996 पर्यंत. दरम्यान 1995 मध्ये एमआयटीच्या छापखान्याने त्याच सॉफ्टवेअरचा सारा मजकूर पुस्तक म्हणून काढला. पुस्तकावर बंदी कशी घालणार? तबकडीवरून जे नेता येत नव्हते, ते कागदावरून उजळ माथ्याने गेले.

सामान्य माणसाच्या वाट्याला मात्र दुबळे कुलूप आले. नेटस्केप कंपनी दोन प्रती काढी. अमेरिकेत 128 बिटांची, बाकी जगाला 40 बिटांची. 1996 मध्ये बळकट प्रत इंटरनेटवरून उतरवून घेण्याची मुभा मिळाली, तीही तिथल्याच लोकांना, आणि घेणाऱ्याने आधी नाव, पत्ता, नागरिकत्व लिहून द्यावयाचे. म्हणजे खाजगीपणा राखणारे साधन हवे, तर अगोदर स्वतःची ओळख टेबलावर ठेवा!

40 बिटांच्या किल्ल्या सुमारे 1 लाख 10 हजार कोटी होतात. आकडा ऐकून छाती दडपते खरी, पण जानेवारी 1997 मध्ये बर्कलीच्या इयान गोल्डबर्ग या विद्यार्थ्याने अडीचशे संगणक जुंपले आणि साडेतीन तासांत असले कुलूप उघडून दाखविले.

आणि आपल्याकडे? खाजगी कंपन्यांना इंटरनेट सेवेचे परवाने मिळू लागले, तेव्हा त्यांत अट आली की विनापरवानगी 40 बिटांपर्यंतच किल्ली वापरावी. त्याहून मोठी हवी तर परवानगी काढा आणि किल्लीही सरकारजमा करा. जानेवारी 2000 मध्ये अमेरिकेने आपले नियम पुष्कळ सैल केले. आमची अट मात्र जागची हलली नाही. जून 2001 मध्ये मुंबईहून रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले, ग्राहकांच्या व्यवहाराला निदान 128 बिट ठेवा. दिल्लीचा परवाना चाळिसावर अडलेला, मुंबईचा हुकूम एकशेअठ्ठाविसाचा. खातेदाराने कोणाचे ऐकावे?

सरकारची अडचण मी खोटी मानत नाही. गुन्हेगारही कुलूप वापरतो. म्हणून तर 1885 च्या तार कायद्यापासून संदेश अडविण्याचा अधिकार सरकारजवळ होता, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 69 व्या कलमाने आज संदेश उलगडून मागण्याचाही आहे. पण एका संशयितासाठी हुकूम काढणे वेगळे आणि गावातली सगळी कुलपे कच्ची करावयास लावणे वेगळे. सप्टेंबर 2015 मध्ये केंद्राने एक मसुदा काढला. नागरिकांनी आपले संदेश उघड्या रूपात 90 दिवस जपून ठेवावे, असे त्यात होते. एवढा गहजब झाला की थोड्याच दिवसांत तो मागे घ्यावा लागला. पुढे 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे.

त्या जुन्या निर्यात नियमांची खूण अजून दिसते. शिक्षकमित्रहो, शाळेच्या संगणकावर एखादे अमेरिकन सॉफ्टवेअर घ्याल, तेव्हा करारपत्राच्या तळाशी उतरून पाहा. निर्यात कायद्याचे एक कलम पुष्कळदा तिथे असते. ते न वाचताच आपण ‘मान्य’वर बोट ठेवतो.