पांगलेल्यांची वृत्तपत्रे : क्रोएशियन स्थलांतरितांचा मुद्रित वारसा

नव्या करारातील काही पत्रे देशोदेशी पांगलेल्या विश्वासणाऱ्यांस उद्देशून लिहिलेली आहेत, हे वाचकांस विदितच आहे. पांगलेल्या समाजाला एकत्र राखण्याचे जे कार्य त्या काळी हस्तलिखित पत्रांनी केले, तेच अर्वाचीन काळात पुष्कळ ठिकाणी वृत्तपत्रांनी केले. युरोपातील क्रोएशियातून परदेशी गेलेल्या, बहुतांशी रोमन कॅथलिक अशा समाजाची वृत्तपत्रे हे त्याचे बोलके उदाहरण होय.

१८८० च्या सुमारापासून १९१४ च्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रिया-हंगेरीच्या अमलाखालील या प्रदेशातून माणसांचा मोठा ओघ बाहेर पडला. दारिद्र्य होतेच, त्यात दाल्मेशियाच्या किनाऱ्यावरील द्राक्षमळे रोगाने उद्ध्वस्त झाले. कोणी अमेरिकेच्या पोलाद-कारखान्यांत व खाणींत राबू लागला, तर कोणी न्यूझीलंडमध्ये कौरी वृक्षाचा जमिनीत गाडलेला डिंक खणू लागला. सरकारी नोंदींत यांची गणना बहुधा ‘ऑस्ट्रियन’ अथवा ‘हंगेरियन’ अशी होई. आपल्या खऱ्या नावाने ते भेटतात ते मुख्यतः त्यांच्या स्वतःच्या छापील पानांत. या वृत्तपत्रांचे ऐतिहासिक मोल येथेच आहे.

१८८४ साली सान फ्रान्सिस्को येथे ‘स्लावेन्स्का स्लोगा’, म्हणजे स्लाव्हांचे ऐक्य, हे पत्र निघाले. १८९४ मध्ये पिट्सबर्गलगतच्या ॲलेघेनी येथे ज्द्राव्को मूझिना यांनी ‘दानित्सा’, म्हणजे पहाटतारा, हे पत्र काढले. कारखान्यात मृत्यू पावलेल्या मजुराच्या विधवेला कोणी वाली नसे; म्हणून परस्पर-साहाय्याची संस्था स्थापावी, असा आग्रह या पत्राने धरला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तशी संस्था उभी राहिली. तीच पुढे ‘क्रोएशियन फ्रॅटर्नल युनियन’ म्हणून प्रसिद्धीस आली. तिच्या ‘झायेद्निचार’ या मुखपत्रात सभासदांचे मृत्यू आणि शाखांचे वृत्तांत छापले जात. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड येथे १८९९ साली मातेय फेरी यांनी ‘ब्रात्स्का स्लोगा’, म्हणजे बंधूंचे ऐक्य, सुरू केले. ते अल्पायुषी ठरले. तथापि डिंक खणणाऱ्यांविरुद्ध उठलेल्या रोषाला एका लहान समाजाने दिलेले उत्तर त्याच्या मोजक्या अंकांतच आहे.

धर्मग्रामांचा इतिहासही याच पानांशी निगडित आहे. अमेरिकेतील पहिले क्रोएशियन धर्मग्राम, संत निकोलस यांच्या नावाचे, १८९४ मध्ये ॲलेघेनी येथेच स्थापन झाले. त्याची मंदिरवास्तू २०१३ साली पाडण्यात आली. वास्तू गेल्यावर त्या समाजाची साक्ष द्यावयास उरतात ती नोंदवह्या, छायाचित्रे आणि कागद.

परंतु कागद तरी किती टिकणार? लाकडाच्या लगद्याचा हा स्वस्त कागद त्यातील आम्लामुळे पिवळा पडतो आणि पुढे हाताळताच तुटतो. शिवाय नातवंडांना आजोबांची भाषा वाचता येत नाही. त्यांच्या दृष्टीने तो गठ्ठा म्हणजे रद्दी. १९४५ नंतर आणखी एक अडचण आली. ब्यूनोस आयरीस येथे १९५१ साली सुरू झालेले ‘ह्र्वात्स्का रेविया’ अथवा लंडनचे ‘नोवा ह्र्वात्स्का’ यांसारखी नियतकालिके युगोस्लाव्हियाच्या सत्तेला विरोध करीत. ती मायदेशी निषिद्ध होती. ज्या देशाचा तो इतिहास, तेथेच तो उघडपणे वाचता येत नव्हता.

अशा स्थितीत जतनाचे काम मुख्यतः परदेशांतच झाले. प्रथम याद्या सिद्ध झाल्या : इतिहासकार जॉर्ज प्रपिच यांनी १९३९ नंतरच्या परदेशस्थ क्रोएशियन प्रकाशनांची सूची १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. १९६५ साली स्थापन झालेल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या स्थलांतर-इतिहास केंद्राने अनेक समाजांच्या वृत्तपत्रांचा संग्रह केला. १९७५ मध्ये शिकागो येथे फ्रान्सिस्कन धर्मगुरू ल्यूबो क्रासिच यांनी क्रोएशियन एथ्निक इन्स्टिट्यूटची स्थापना केली. एका संग्रहातील उणा अंक दुसरीकडून मिळवून संच पुरा करणे, मायक्रोफिल्म घेणे आणि आता संगणकीय प्रतिमा सर्वांस खुल्या करणे, असा या कार्याचा क्रम आहे. ‘ब्रात्स्का स्लोगा’चे अंक आज न्यूझीलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘पेपर्स पास्ट’ या संकेतस्थळावर वाचावयास मिळतात.

येथे एक नैतिक प्रश्न उपस्थित होतो. १९४१ ते १९४५ या काळातील उस्ताशा राजवटीने सर्ब, यहुदी व रोमा लोकांचा भीषण संहार केला. युद्धानंतर परागंदा झालेल्यांत त्या राजवटीचे समर्थकही होते, आणि काही पत्रांनी त्या पापावर पांघरूण घातले. मग असे अंक नष्ट होऊ द्यावेत काय? मुळीच नाही. जतन करणे म्हणजे संमती देणे नव्हे. शास्त्राने दाविदाचे पाप त्याच्या पराक्रमाइतकेच स्पष्ट नोंदवून ठेवले आहे. गौरवाचे तेवढे राखून लाजिरवाणे ते गाळणारा संग्रह इतिहास राहत नाही, आणि पश्चात्तापाचा मार्गही तो बंद करतो.

आपल्या मंडळ्यांनाही हा विषय परका नाही. १८४२ साली अहमदनगर येथे ‘ज्ञानोदय’ सुरू झाल्यापासून मराठी ख्रिस्ती समाजाने पुष्कळ छापले आहे, आणि महाराष्ट्राबाहेर वसलेल्या आपल्या मराठी मंडळ्यांची वार्तापत्रे व स्मरणिका यांच्या प्रती मुळातच थोड्या निघतात. धर्मगुरू व धर्मशिक्षक यांनी आपल्या कपाटांतील अंकांची निदान एक यादी करावी, कोणते अंक उणे आहेत ते टिपावे, आणि बदलीच्या वेळी तो गठ्ठा रद्दीत न देता उत्तराधिकाऱ्याच्या स्वाधीन करावा. पाच हजारांस तृप्त केल्यावर प्रभूने उरलेले तुकडेही गोळा करावयास लावले होते. त्या तुकड्यांनी बारा टोपल्या भरल्या.