वनातील एकांत आणि ऋणमुक्ती

इ. स. १६३० ते १६३२ या काळातील भीषण दुष्काळाने दख्खनचा मुलूख उजाड केला. देहूच्या तुकोबांचा व्यापार बुडाला. ज्येष्ठ पत्नी अन्नावाचून गेली, पाठोपाठ पुत्रही गेला. अशा शोकाकुल अवस्थेत ते भामचंद्राच्या डोंगरावर गेले. परंपरा सांगते की, तेथील एकांतात त्यांनी पंधरा दिवस चिंतन केले. शोधीत आलेल्या कान्होबांसह ते परतले ते थेट इंद्रायणीतीरी. आणि आपल्या वाट्याची निम्मी कर्जखते त्यांनी डोहात सोडली. दुष्काळाने गांजलेले ऋणको मुक्त झाले.

वनातील निवांत सहवासाने मनाची तगमग शमते, यास आता प्रयोगांचाही आधार मिळाला आहे. जपानच्या वनखात्याने १९८२ साली ‘शिनरिन-योकु’, म्हणजे अरण्यस्नान, ही संज्ञा रूढ केली. तेथील २४ वनांतील प्रयोगांचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. नगरातल्यापेक्षा वनात माणसांची नाडी संथ, रक्तदाब कमी व लाळेतील ताणनिदर्शक कॉर्टिसॉलही कमी आढळले.

तुकोबांनी डोंगरावर मिळविलेली शांती मात्र स्वतःपाशी राखली नाही. ती इंद्रायणीकाठी ऋणकोंच्या पदरी घातली. त्यातच त्या एकांताची फलश्रुती आहे.