पाळण्याची दोरी कोण ओढतं?

आमच्या चिखलीत संध्याकाळी सोसायटीच्या बागेत बसलं की नव्या आयांचं बोलणं आपोआप कानावर येतं. "तुझं एकटं झोपतं का गं?" हा सध्याचा पहिला प्रश्न. कुणी मिनिटं मोजून बाळाला रडू देते, कुणी पाळण्याला मोटर बसवून घेतलेली असते. मग शेजारच्या बाकावरून आमच्या वयाची एखादी हमखास म्हणते, "आमच्या वेळी बाई, बाळ कधी एकटं झोपलंच नाही!" पोरी बिचाऱ्या गप्प होतात. इतिहास शिकवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे मला लगेच पुढचा प्रश्न पडतो. एकटं नव्हतं, तर मग त्याच्याजवळ होतं तरी कोण?

खरं तर पाळणा ही मुळी बाळाला वेगळं झोपवण्याचीच युक्ती. बाराव्या दिवशी बारसं करून आपण बाळाला समारंभाने आईच्या कुशीतून पाळण्यात ठेवतो. इथून जुन्नर काही फार लांब नाही. तिथे शिवनेरीवर शिवजयंतीला आजही बायका पाळणा हलवतात. ज्यांच्याकडे लाकडी पाळणा नसे, त्या जुन्या लुगड्याची झोळी बांधत. घरात तुळईला आणि शेतात बाभळीच्या फांदीला. झोळीला एक लांब दोरी असे. भाकरी थापता थापता, धान्य पाखडता पाखडता ती ओढायची. म्हणजे बाळ कुशीत नव्हतं, पण हाकेच्या अंतरावर होतं. एकटं झोपणं आणि एकटं पडणं यातला फरक त्या दोरीने सांभाळला होता.

पण दोरी आपोआप ओढली जात नाही! चिखली १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली, त्याआधी इथे ग्रामपंचायत होती. शेजारी १९६० च्या दशकात टेल्को उभी राहिली (२००३ मध्ये तिचं नाव टाटा मोटर्स झालं). घरातला पुरुष पाळीला आणि बाई रानात, अशी घरं आजूबाजूला वाढली. मी शाळेत हजेरी घ्यायचे तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या मुलींच्या नावापुढे गैरहजेरी लागे. कारण विचारलं की वर्ग एका सुरात सांगे, "बाई, ती भावाला सांभाळतीय." घरोघरच्या झोळीची दोरी त्या पोरींच्या हातात होती. बाळ शांत झोपायचं आणि बहिणीचं चौथीचं वर्ष बुडायचं.

हे काही आमच्याच गावाचं नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, त्यांनाही हेच दिसलं. म्हणून पुढे विकासवाडीत त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. धाकटं पाळण्यात झोपलं तरच थोरली फळ्यासमोर बसणार, इतका सरळ हिशोब होता तो.

मुंबईच्या गिरण्यांतला हिशोब मात्र फार कडवट होता. १९२२ च्या कायद्याने कामाचे तास कमी केले, तरी ते दिवसाला अकरापर्यंत असू शकत. चाळीत तान्हं पोर ठेवून जाणारी बाई काय करणार? सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स बाईंनी त्याच साली मुंबईच्या कामकरी बायकांची पाहणी केली. त्यात नोंद आहे की त्यांच्या १०० पैकी ९८ बाळांना अफू दिली जात होती. अफूची ती बारीक गोळी इंग्रजी कागदपत्रांत 'बाला गोली' म्हणून येते. (आपली जायफळ-वेखंडाची बाळगुटी वेगळी, गल्लत नको.) तिथे दोरी अफूच्या हातात होती. आपण त्या आईला नावं ठेवू नयेत. तिला दुसरा हातच कुणी दिला नव्हता.

हात हळूहळू मिळाला, तोही भांडून. १९२८ साली मुंबई विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी प्रसूती-लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला. १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासहून जास्त स्त्रिया असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. १९६१ च्या कायद्यातली बारा आठवड्यांची रजा २०१७ साली पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवडे झाली, आणि पन्नास कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झालं. पण आमच्या भागातल्या वीस-पंचवीस माणसांच्या शेडमध्ये काम करणारी बाई या पन्नासात बसतच नाही.

तिकडे परदेशात वेगळीच गंमत चालली होती. अमेरिकेत डॉ. होल्ट यांनी १८९४ च्या पुस्तकात झोके देऊ नका असं बजावलं. रडणं त्यांच्या लेखी बाळाचा व्यायाम! १९२८ मध्ये वॉटसन यांनी तर मुलांचे मुके घेण्यालाही मनाई केली. १९८५ साली डॉ. फर्बर यांनी थोडं थोडं थांबून बाळाजवळ जायची पद्धत मांडली. त्यांनीच २००६ च्या आवृत्तीत, मूल आईबापांजवळ झोपलं तरी बिघडत नाही, अशी मवाळ भूमिका घेतली. आणि आज अमेरिकेचे बालरोगतज्ज्ञ काय सांगतात? निदान पहिले सहा महिने बाळ आईबापांच्याच खोलीत असावं, पण स्वतःच्या वेगळ्या जागेवर, पाठीवर, घट्ट गादीवर. उशी नको, दुलई नको. आपली मोहरीची उशीही त्यात बाद झाली, ते आज्यांनी मनाला लावून घेऊ नये. बाकी 'वेगळं, पण हाकेच्या अंतरावर' हे मला तर ओळखीचंच वाटलं.

तेव्हा बाकावरच्या माझ्या मैत्रिणींनो, "आमच्या वेळी" म्हणताना दोरी ओढणारी ती आठ वर्षांची पोरही आठवा. आजच्या दोन खोल्यांच्या घरात ती नाही, ती शाळेत गेली आहे आणि ते फार चांगलं झालं. तिची जागा मात्र रिकामी आहे. बाप रात्रपाळीला गेला की सगळी रात्र एकट्या आईवर येते. खरं एकटं पडतं ते बाळ नव्हे, ती. नातेवाईक मंडळी, बारशाला चांदीची वाटी देता ना? या वेळी वाटी राहू द्या. एक रात्र तिच्याकडे जा, तिला झोपायला सांगा आणि पाळण्याशेजारी तुम्ही बसा.