विहिरीचं झाकण

आमच्या वाडीतल्या विहिरीला लोखंडी झाकण आहे. झाकणाच्या मधोमध बालदी जाईल एवढं दार, दाराला बारीक तारेची जाळी, आणि जाळीला कडी. त्या झाकणावर बसायला आम्हा पोरांना मनाई होती, त्यामुळे आम्ही दुसरीकडे कुठे बसतच नसू. मग पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून अण्णांची, म्हणजे माझ्या आजोबांची, आरोळी यायची. "उतरा खाली! माझी आई सरकारशी भांडली तेव्हा मिळालंय ते झाकण."

सरकारशी भांडून माणसं जमीन मिळवतात, पेन्शन मिळवतात. झाकण मिळवणारी बाई आमच्याच घरात निघावी, याची तेव्हा थोडी लाजच वाटायची.

अण्णांचा जन्म १९०४चा. त्यांच्या गोष्टी मात्र त्याच्याही आधीपासून सुरू होत. त्यांचे वडील काळबादेवीच्या एका छापखान्यात जुळारी होते. खिळे जुळवून जुळवून त्यांची बोटं कायमची काळी पडलेली. १८९६च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. व्हिएगसांनी पहिला रोगी ओळखला आणि मुंबईत प्लेगचं नाव झालं. त्या डॉक्टरांचा पुतळा आजही मेट्रोसमोर आहे. मेट्रो म्हणजे सिनेमाचं थेटर हो. आम्हा गिरगावकरांच्या तोंडी अगदी परवापर्यंत त्या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता.

प्लेगच्या दिवसांत गोरे साहेब, शिपाई आणि डॉक्टर घराघरांत शिरत. जे घर राहायला नालायक ठरे त्याच्या भिंतीवर इंग्रजी अक्षरं रंगवली जात : यू, एच, एच. माणसांच्या वस्तीस अयोग्य. आमच्या पणजोबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण अक्षरं ओळखायचा तर धंदाच. ते म्हणत, छापखान्यात मी हे तीन खिळे हजार वेळा हाताळले, पण भिंतीवर पाहिले तेव्हा ते मला पहिल्यांदा वाचता आले.

मग १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. शहर सुधारायचं, म्हणजे दाट वस्त्या फोडायच्या आणि रुंद रस्ते काढायचे. प्रिन्सेस स्ट्रीट हे त्याचंच काम. मागाहून वेल्सच्या राजकन्येचं नाव मिळालेला हा रस्ता आखला होता समुद्रावरचा वारा आत आणायला. बॅकबेवरून सुटलेली झुळूक थेट चिराबाजार, काळबादेवीच्या कोंदट गल्ल्यांत शिरावी, अशी योजना. पुढे सँडहर्स्ट रोडही तसाच, पश्चिमेकडून पूर्वेकडे. वाईट कल्पना नव्हे. अण्णा स्वतः संध्याकाळी प्रिन्सेस स्ट्रीटच्या कोपऱ्यावर उभे राहून टोपी काढत आणि वारा खात. आणि वारा खाता खाताच म्हणत, "आमच्या बापाचा बिऱ्हाडकरू मित्र या वाऱ्याच्या वाटेत राहायचा."

घर पाडलं तर मोबदला मालकाला. तो कमी वाटला तर दाद मागायला न्यायाधिकरण होतं, तेही मालकासाठी. खोलीत भाड्याने राहणारा माणूस उठून शेजारच्या चाळीत, आधीच सात जण असलेल्या खोलीत आठवा होऊन शिरत असे. पाडलेल्या वस्तीतली गर्दी अशी बाजूच्या वस्तीत जमा झाली. ट्रस्टने सुरुवातीच्या वर्षांत बांधल्या त्याहून जास्त खोल्या पाडल्या, ही टीका पुढे सरकारदरबारीही झाली आणि ट्रस्टला आपली पद्धत बदलावी लागली. पण तोवर दहाएक वर्षं गेली होती. रस्ता कुठून जावा हे ठरवताना ज्यांच्या घरातून तो जाणार त्यांना काय वाटतं, हा प्रश्न नकाशावर कुठल्या रंगाने दाखवणार?

अण्णांच्या मते विचारणं म्हणजे काय ते एकाच माणसाला ठाऊक होतं, ट्रस्टच्या कितीतरी आधीच्या नाना शंकरशेटांना. सोनापूरचं, म्हणजे चंदनवाडीचं स्मशान तिथून उठवून शिवडीला न्यायचा घाट सरकारने घातला होता. तिथे चिता जळतात, त्याचा त्रास होतो, आरोग्य बिघडतं, वगैरे. गिरगावातून शिवडीला खांद्यावरून मयत न्यायचं म्हणजे काय, हे घोडागाडीतून फिरणाऱ्याला कुठून कळावं? नाना उभे राहिले, लोकांना उभं केलं आणि स्मशान जागच्या जागी राहिलं. आम्हाला चंदनवाडी लांब पडत नाही ती नानांमुळे, असं अण्णा अगदी सहज, दूध कुठून आणतो हे सांगावं तसं सांगत. १९८३ साली त्यांना आम्ही तिथेच नेलं. चालत. पंधरा मिनिटं लागली.

झाकणाची गोष्ट मात्र अण्णांच्या डोळ्यांदेखतची. मुंबईत हिवतापाने माणसं हैराण झाली होती. डॉ. बेंटली यांनी १९११ साली अहवाल दिला की हा ताप पसरवणारा डास शहरातल्या विहिरींत वाढतो. म्हणजे विहिरी बुजवा. शास्त्र अगदी बरोबर होतं, हे अण्णाही मान्य करत. त्यांची थोरली बहीण त्याच तापाने गेली होती. आधी फोर्टात, मग आपल्या भागात आरोग्य खात्याची माणसं फिरू लागली. नळ आलेच आहेत, मग विहीर कशाला, हा त्यांचा सरळ प्रश्न.

प्रश्न सरळ असला तरी उत्तर घरागणिक वेगळं होतं. पारशांची विहीर धर्माची. तिच्या काठावर दिवा लागतो, प्रार्थना होते. आमच्याकडे देवाला नळाचं पाणी चालत नसे. सोवळ्यातल्या बायका म्हणत, नळात चामड्याचे वायसर असतात. कुणाला गंगापूजनासाठी विहीर हवी, कुणाला बाळंतिणीची पाचवी-बारसं झाल्यावर पाणी पूजायला. तक्रारी इतक्या झाल्या की खात्याने एक वाट काढली : विहीर बंद करायची, पण धर्मासाठी पाणी काढणाऱ्यांना जाळीचं दार ठेवायचं. डास आत जाणार नाही, बालदी जाईल.

आमच्या वाडीत इन्स्पेक्टर आला तेव्हा मालक पुण्याला होता. गुमास्ता म्हणाला, बुजवा. पणजी, जिला सगळी वाडी बय म्हणे, जिना उतरून खाली आली. आठ वर्षांचे अण्णा तिच्या पदराला. बय म्हणाली, "पाणी मालक भरतो की मी भरते?" इन्स्पेक्टर मराठीच होता. तो थांबला. बयने त्याला एकच अट घातली, की उजेड पाण्यावर पडला पाहिजे, सूर्य न पाहिलेलं पाणी देवाला चालत नाही. त्याने जाळी बारीक हवी म्हणून सांगितलं. तिने दार मोठं हवं म्हणून सांगितलं. शेवटी तिच्याच बालदीचं माप घेतलं गेलं.

भांडण म्हणायचं ते एवढंच. पण आज मागे वळून पाहताना वाटतं, त्या इन्स्पेक्टरने केलं ते फार कमी लोक करतात. त्याने मालकाच्या गुमास्त्याचा होकार असताना पाणी भरणारीला विचारलं. आणि विचारलं ते विहीर बुजवून झाल्यावर नव्हे.

सरकारी कागदांत अशा माणसाला हल्ली 'हितसंबंधी' म्हणतात. शब्द बनवणाऱ्याचा मराठीशी फारसा संबंध नसावा. आपल्याकडे एखाद्याचे हितसंबंध आहेत म्हटलं की लोक त्याच्याकडे संशयानेच बघणार. त्यापेक्षा गोतसभा बरी होती. वतनाचा, शिवेचा तंटा असला की गावची माणसं जमत, महजर लिहिला जाई आणि खाली ज्याची त्याची निशाणी : पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, चांभाराची रापी. लिहिता न येणाऱ्याचाही शब्द कागदावर उमटे. त्या सभेचं उगाच गुणगान करण्यात अर्थ नाही. आमच्या बयला तिथे कुणी बोलू दिलं नसतं.

तर मग दुसरी मेट्रो, म्हणजे रेल्वे. कुलाबा, वांद्रे, सीप्झ अशी साडेतेहतीस किलोमीटरची, जवळजवळ सगळी जमिनीखालून जाणारी मार्गिका. गिरगाव-काळबादेवीत जमिनीवर तिळभर जागा नाही, म्हणून ती खालून. पण माणसाला खाली उतरायला वरून दार लागतंच, आणि स्थानकांसाठी चाळी रिकाम्या कराव्या लागणार हे कळलं तसा २०१५ साली सगळा गिरगाव रस्त्यावर आला. मागणी साधी होती : आमचं पुनर्वसन इथेच करा, दहिसर-मानखुर्दला नको. पुढे त्याच भागात घरं द्यायचं ठरलं. गिरगाव आणि काळबादेवी या दोन स्थानकांचे फलाटही वरून खड्डा न खणता आतून बोगद्यासारखे कोरून काढले, त्यामुळे काही इमारती वाचल्या. शंभर वर्षांपूर्वीच्या बिऱ्हाडकरूपेक्षा आजच्या भाडेकरूचा आवाज मोठा झाला, एवढं खरं.

तरीही त्या चाळी 'ऐतिहासिक' नव्हत्या. मुंबईत १९९५ साली देशातली पहिली वारसा नियमावली आली, सहाशेहून अधिक वास्तूंची यादी झाली, श्रेणी ठरल्या, समिती बसली. श्रेणीत असलेल्या इमारतीला हात लावायचा तर समितीला विचारावं लागतं. श्रेणीत नसलेल्या चाळीत गणपती शंभर वर्षांचा असला, जिन्याचा कठडा बर्मा टीकचा असला, तरी तिच्याबद्दल विचारायचं ते फक्त चौरस फुटांचं.

अण्णांचे एक पारशी मित्र होते, धोबीतलावला घड्याळं दुरुस्त करायचे, आमचे घड्याळजी. आम्हा मुलांना लिमजीची गोळी देत आणि आतश बेहरामच्या, म्हणजे त्यांच्या पवित्र अग्निमंदिराच्या, गोष्टी सांगत. आम्हाला आत जाता येत नसे, त्यामुळे गोष्ट आणखी रंगे. ते सांगत, हा अग्नी एका चुलीचा नाही. सोळा जागचा अग्नी गोळा करायचा. सोनाराच्या भट्टीचा, कुंभाराच्या आव्याचा, चितेचा, आणि आकाशातून पडलेल्या विजेचासुद्धा. एकेक शुद्ध करून मग एकत्र करायचा. वीज पडून झाड पेटायची वाट पाहत माणसं बसलेली, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून कधी गेलं नाही. असे आतश बेहराम साऱ्या हिंदुस्तानात आठ, त्यांतले चार एकट्या मुंबईत. वाडियाजींचा १८३०चा आणि अंजुमनचा १८९७चा, हे दोन मेट्रोच्या वाटेवर आले.

वरून बघणाऱ्याला प्रश्न इमारतीचा वाटे : तडे जातील का, कंपनं किती? ती मोजता येतात. पारशांचा प्रश्न दुसराच होता. हा अग्नी जमिनीशी जोडलेला आहे, त्याच्या खालून भोक पाडलं तर तो तसाच पवित्र राहील का? आणि आवारातल्या विहिरीचे झरे दुसरीकडे वळले तर? हे कुठल्या यंत्रावर मोजायचं? प्रकरण २०१८ साली उच्च न्यायालयात गेलं, काही काळ काम थांबलं, बोगद्याची रेघ काही मीटर बाजूला सरकवली गेली आणि नोव्हेंबरअखेर न्यायालयाने कामाला वाट मोकळी करून दिली. जिंकलं कोण, हरलं कोण, यात मला रस नाही. पण घड्याळजींच्या जागी मी असतो तर मला एवढंच वाटलं असतं, की जी रेघ कोर्टात सरकू शकते ती कागदावर पेन्सिलने असतानाच सरकली असती तर बरं झालं असतं. पेन्सिलीच्या रेघेला वकील लागत नाही.

आमची वाडी पाडायच्या यादीत नव्हती. मेट्रो फक्त जवळून जाणार होती. म्हणून एक दिवस दोन मुलगे आले, पिवळी टोपी, हातात फायली. भिंतीवरच्या प्रत्येक चिरेचा फोटो काढला, चिरांवर मापाच्या पट्ट्या चिकटवल्या, खांबांवर खुणा केल्या. चिरा मोजून झाल्यावर त्यांची नजर विहिरीवर गेली.

"पाणी आहे?"

पाहायला गॅलरीत सगळी वाडी जमली होती, पण उत्तर कुणालाच येईना. मालक आता अंधेरीत. नळ चोवीस तास नसला तरी टँकर येतो. विहिरीत गेल्या वीस वर्षांत कुणी डोकावलंच नव्हतं. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकू काठी टेकत बाहेर आल्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा बय जिवंत होती. पाणी पूजायला तिनेच त्यांना या दारापाशी उभं केलं होतं.

"मे महिन्यात नऊ हात," काकू म्हणाल्या. "पावसाळ्यात दाराशी येतं. अठ्ठ्याहत्तर साली एकदाच आटलं."

मुलगा फाईल चाळू लागला. तक्त्यात रकाना शोधत असावा. मालकाचं नाव होतं, इमारतीचं वय होतं, मजले होते. शेवटी त्याने समासात पेनाने लिहिलं. मग कडी काढली, जाळीचं दार उचललं आणि वजन बांधलेली फीत आत सोडली. ती सरसरत खाली गेली, गेली, आणि थांबली. वर ओढली तेव्हा टोक ओलं होतं. त्याने आकडा वाचला, काकूंकडे पाहिलं आणि समासातल्या नऊ हातांखाली तो लिहिला.

"माझं नाव लिहिलंस का?" काकूंनी विचारलं.

"लिहितो ना, आजी. सांगा."

त्यांनी सांगितलं. सासरचं, पूर्ण, नवऱ्याच्या नावासकट. तो लिहून होईपर्यंत त्या काठीवर रेलून उभ्या होत्या. मग फायली मिटून दोघे जायला निघाले तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

"अरे, कडी लाव. डास येतात."