साडेआठचं ऑब्झर्व्हेशन

शिवाजीनगरच्या ‘सिमला ऑफिस’ थांब्यावर नवखा माणूस हमखास विचारतो, इथं सिमला कुठून आलं? १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं. पुढं ते दिल्लीला गेलं, पण मनोऱ्याची दगडी इमारत आणि नाव पुण्यातच राहिलं.

१९७२ साली मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो. वर्गातले बरेचसे बँकेत गेले, दोघे मास्तर झाले, एक दारूगोळा कारखान्यात लागला. मी वेधशाळेत.

काम ऐकायला साधं. अंगणात झडपांची पांढरी पेटी, दार उत्तरेला, म्हणजे ते उघडलं तरी ऊन पाऱ्यावर पडत नाही. आत चार तापमापक: कोरडा, ओला, कमाल, किमान. ओल्याच्या फुग्याला मलमलीचं फडकं, खाली पाण्याची बाटली. दार उघडलं की श्वास आवरायचा, आधी दशांश वाचायचा, मग अंश. अंगाची ऊब लागली की पारा चढतो. सकाळी साडेआठला पाऊस मोजायचा, संध्याकाळी काचेच्या भरीव गोळ्याखालची पट्टी काढायची. दिवसभर उन्हानं तिच्यावर जाळलेली रेघ मोजली की किती तास ऊन पडलं ते कळतं. आकड्यांचा संकेतात संदेश करून पाठवला की पुढच्या वेळेची वाट.

पण नुसत्या तापमापकावर काय दिसू शकतं, ते याच पुण्यात एल. ए. रामदासांनी दाखवलं. १९३२ च्या सुमारास त्यांना आढळलं, की निरभ्र, शांत रात्री सगळ्यात थंड हवा जमिनीला चिकटून नसते, तिच्या थोडी वर असते. पुस्तकं उलट सांगत होती. कित्येकांनी मोजणीतली चूक म्हणून सोडून दिलं. चूक नव्हती.

आणि ॲना मणी. १९४८ साली त्या इथल्या उपकरण विभागात आल्या. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे-माणकांवर काम करून पाच शोधनिबंध लिहिलेले, पण एम.एस्सी. नाही म्हणून मद्रास विद्यापीठानं पीएच.डी. दिली नाही. म्हणजे पदवी आमचीच, बी.एस्सी. तेव्हा बहुतेक उपकरणं विलायतेहून यायची. बाईंनी सुमारे शंभर उपकरणांची रेखाचित्रं पक्की केली, ती इथंच बनू लागली. १९७६ ला निवृत्त झाल्यावर त्या बंगळूरला रामन संशोधन संस्थेत बसल्या आणि भारतातल्या सूर्यप्रकाशाच्या मोजणीचे दोन ग्रंथ काढले, १९८० आणि १९८१ साली. मग वारा मोजायला घेतला. मी त्यांना कधी पाहिलं नाही. पण माझ्या हातून गेलेल्या उन्हाच्या पट्ट्यांना काही मोल होतं, हे मला त्यांच्या कामामुळं उमगलं.

एक गोष्ट सांगायलाच हवी. बदलीवर किनाऱ्यालगतच्या एका केंद्रावर होतो. रात्री अडीचचं ऑब्झर्व्हेशन, बाहेर मुसळधार पाऊस, अंगात ताप. मी पेटीपर्यंत गेलोच नाही. आधीचे आकडे पाहून ओल्या पाऱ्यासाठी २४.६ लिहून टाकलं. आकडा इतका बेताचा होता, की कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. कुणी विचारलंही नाही. तो आकडा तिथल्या वहीत अजून असेल, त्या महिन्याच्या सरासरीतही असेल. चाळीस वर्षांच्या नोकरीतले खरे आकडे मला आठवत नाहीत, हा आठवतो.

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. गच्चीवर पर्जन्यमापक बसवलाय. सकाळी साडेआठला चहा बाजूला ठेवून वर जातो, मोजपात्र डोळ्यांच्या रेषेत धरून वाचतो, वहीत लिहितो. मध्यंतरी लेकीकडे नागपूरला पंधरा दिवस होतो. शेजारचे म्हणाले, “काका, पेपरात पुण्याचा पाऊस येतो की, तोच लिहा.” मी ते पंधरा रकाने कोरे ठेवलेत.