पसंतीक्रमाची कसोटी : अभियांत्रिकी प्रवेश आणि धायरीचे पालक

बारावी विज्ञान शाखेचा निकाल आणि एमएचटी-सीईटीचे पर्सेंटाइल हाती आले, की घरातील अभ्यासाचा ताण संपतो आणि प्रवेशाचा ताण सुरू होतो. सिंहगड रस्त्यालगतच्या धायरीतील नोकरदार कुटुंबांना हा अनुभव नवा नाही. २०१७ मध्ये पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या या गावाच्या आसपास अभियांत्रिकी महाविद्यालयांची वाण नाही. वडगाव बुद्रुकला सिंहगड, धनकवडीला पीआयसीटी, बिबवेवाडीला व्हीआयटी, तर नदीपलीकडे कर्वेनगरला मुलींसाठीचे कमिन्स महाविद्यालय आहे. तरीही अनेक घरांतील यादी शिवाजीनगरच्या सीओईपीपासूनच सुरू होते.

सीओईपीची मुळे १८५४ मध्ये सुरू झालेल्या अभियांत्रिकी वर्गात आहेत. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या येथेच शिकले. २०२२ मध्ये या संस्थेला राज्य शासनाच्या कायद्याने स्वतंत्र सार्वजनिक विद्यापीठाचा दर्जा मिळाला. येथील जागांसाठी राज्यभरातील विद्यार्थ्यांची स्पर्धा असते. पुण्यात राहण्याचा वेगळा लाभ मिळत नाही. विद्यापीठाशी संलग्न खासगी महाविद्यालयांत मात्र साधारणपणे ७० टक्के जागा त्या विद्यापीठाच्या क्षेत्रातील आणि ३० टक्के जागा क्षेत्राबाहेरील विद्यार्थ्यांसाठी ठेवण्याची पद्धत रूढ आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या क्षेत्रात पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे जिल्हे येतात. म्हणून एकाच पर्सेंटाइलचा अर्थ दोन महाविद्यालयांत वेगळा होतो.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत

पालकांची पहिली गफलत येथेच होते. ९५ पर्सेंटाइल म्हणजे शंभरपैकी ९५ गुण नव्हेत. परीक्षा देणाऱ्यांपैकी ९५ टक्के विद्यार्थी त्या गुणांवर किंवा त्याखाली आहेत, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षेला चार लाख विद्यार्थी बसले असे धरले, तर ९९ पर्सेंटाइलच्या वर सुमारे चार हजार आणि ९५ च्या वर सुमारे वीस हजार विद्यार्थी असतात. ‘मुलाला पंच्याण्णव मिळाले, मग सीओईपी का नाही?’ या प्रश्नाचे उत्तर या हिशेबात आहे. त्यात मुलाचा आळस शोधण्याचे कारण नाही.

यादीचा क्रम कसा ठरवावा?

प्रवेशाची केंद्रीभूत प्रक्रिया, म्हणजेच ‘कॅप’, राज्य सीईटी कक्ष राबवतो. संगणक गुणवत्ता यादीतील विद्यार्थी क्रमाने घेतो आणि प्रत्येकाची यादी वरून खाली तपासतो. जी पहिली जागा मिळण्याजोगी असेल, ती त्याला दिली जाते. त्यामुळे अवघड वाटणारे महाविद्यालय वर लिहिल्याने खालच्या महाविद्यालयातील संधी कमी होत नाही. ‘आधीच सोपे लिहू, म्हणजे हातचे जाणार नाही’ हा हिशेब चुकीचा ठरतो. कारण सोपे वर लिहिले आणि ते मिळाले, तर त्याखालच्या अधिक आवडीच्या नावापर्यंत संगणक पोहोचतच नाही. मागील वर्षांचे ‘कट-ऑफ’ यादी किती लांब असावी हे सांगतात. तिचा क्रम मात्र आवडीनेच ठरवायला हवा.

याच ठिकाणी दुसरा नियम लक्षात ठेवावा लागतो. २०२५-२६ या वर्षी कॅपच्या तीनऐवजी चार फेऱ्या झाल्या. त्या वर्षीच्या नियमांनुसार पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाची पसंती मिळाली, तर ती स्वीकारणे बंधनकारक होते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन, तर तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींना हे बंधन लागू होते. अशी जागा नाकारणारा विद्यार्थी पुढील फेऱ्यांना मुकत असे. याहून खालची पसंती मिळाल्यास ती राखून अधिक चांगल्या जागेची वाट पाहता येत होती. मात्र पुढच्या फेरीत वरची जागा मिळाली, की आधीची आपोआप रद्द होत असे. नियम दर वर्षी बदलू शकतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचणे अपरिहार्य आहे. वरच्या सहा ओळींत केवळ नातेवाईकांना सांगायला बरे वाटेल, असे एकही नाव नसावे. ते मिळाले, तर चार वर्षे तेथे मुलालाच काढायची आहेत.

कागदपत्रे आणि खर्च

उत्तम पर्सेंटाइल असूनही संधी हुकण्याचे एक कारण कागदांत असते. अधिवास, जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र मुदतीत सादर झाले नाही, तर विद्यार्थ्याची गणना खुल्या प्रवर्गात होऊ शकते. अकरावीतच अर्ज केलेले बरे. इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना, कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास आणि प्रवेश कॅपमधून झाल्यास, २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. कॅपबाहेर ‘जागा मिळवून देतो’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहावे. देणगी घेऊन प्रवेश देण्यास राज्यात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते.

मुलाची बाजू

यादी भरताना घरात दोन मतप्रवाह दिसतात. वडिलांना संगणक शाखा हवी असते, मग महाविद्यालय कोणतेही चालेल. मुलाला नामांकित संस्था हवी असते, मग शाखा यंत्र असो वा स्थापत्य. दोन्ही मतांत तथ्य आहे. अशा वेळी दोघांनी स्वतंत्रपणे पहिली दहा नावे लिहावीत आणि मग याद्या शेजारी ठेवाव्यात. वाद नेमका कोणत्या दोन-तीन नावांचा आहे, हे तेव्हाच कळते. त्या महाविद्यालयांत एकदा समक्ष जाऊन यावे, धायरी फाट्यावरून तेथे पोहोचायला किती वेळ लागतो हेही पाहावे. मग शेवटचा क्रम मुलाने किंवा मुलीनेच लावावा.

फेऱ्यांच्या काळात मुलांचे बोलणे कमी होते, झोप बिघडते. सोसायटीतील इतरांचे पर्सेंटाइल जेवणाच्या ताटावर काढू नयेत. मूल फारच खचलेले दिसले, तर केंद्र शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र समुपदेशन मिळते. सीओईपी हुकले तरी मार्ग बंद होत नाहीत. पदवीनंतर ‘गेट’ परीक्षेद्वारे एम. टेक.साठी सीओईपीसह आयआयटीचीही दारे उघडतात. जुलैत जाहीर होणाऱ्या फेरीचा निकाल चार वर्षांच्या शिक्षणाची जागा ठरवतो. मुलाची लायकी ठरवण्याचे काम त्या निकालाकडे दिलेले नाही, हे घरात कोणीतरी मोठ्याने सांगणे आवश्यक असते.